दोन ग्रॅम काळी पूड

सेल मधुरा पराडकरने आणले.
तिचे वडील रात्री ओहोटीला बॅटरी घेऊन
खाडीत कुर्ल्या धरायला उतरतात,
संपलेले सेल पडवीतल्या डब्यात टाकतात.
कशासाठी, ते त्यांनाही माहीत नाही.

कुबलमामांनी पक्कडीने जस्ताची साल काढली,
आतली पूड वर्तमानपत्रावर झटकली,
धुतली, गाळली, खिडकीतल्या उन्हात वाळत ठेवली.
आचऱ्याच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात
मँगनीज डायऑक्साइड असंच येतं.
पेरॉक्साइड मेडिकलमधून,
साबण हात धुवायच्या बेसिनवरून.

दोन ग्रॅम पूड पडली मात्र,
नळकांड्यातून फेस उसळला,
टेबलावर, जर्नलवर, मामांच्या बाहीवर.
पोरं ओरडली. मी फळ्यावर लिहून घेतलं:
फेस. द्रवात वायू.
धुकं. वायूत द्रव.
नारळाचा रस. पाण्यात तेल,
आणि दोघांना एका वाटीत नांदवणारं
मधलं कुणीतरी.

मागच्या बाकावरून आवाज:
‘मॅडम, कढ इलो काय रस फाटता.’
फाटतो. आगळ जास्त झाला तरी फाटतो.
ना विरघळलेलं, ना तळाशी बसलेलं,
मधेच तरंगत राहणं.
बार्शीहून इथे आले तेव्हा
तीन वर्षं मी तशीच होते,
आणि त्याला कलिल म्हणतात हे
मी रोज शिकवत होते.

मग उत्प्रेरक. व्याख्या सगळ्यांना पाठ:
क्रियेचा वेग वाढवतो, स्वतः बदलत नाही.
मधुराने पेन खाली ठेवलं.
‘तसोच ऱ्हवता? तेका कायएक होणा नाय?’

करू या वजन, म्हटलं.
मामांनी पूड पुन्हा गाळली, वाळवली,
दुसऱ्या दिवशी जुन्या तराजूची काच सरकवून
श्वास धरून वाचलं:
एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव.
‘दोन शतांश गाळणकागदाक चिकाटले असतले,’
असं म्हणाले, जणू चूक त्यांचीच.

मी पोरांना सांगितलं नाही ते हे:
क्लोरेटसोबत तापवायला याच पुडीचे खडे घातले
तर बाहेर येताना भुगा होऊन येतात.
वजन तेच.
अंग वेगळं.
आणि सगळं घडतं ते पृष्ठभागावर;
येणारे येऊन टेकतात, जोड्या बदलतात, निघून जातात.
आत काय आहे
हे विचारायची पद्धत नाही.

एकोणतीस बॅचेस.
एक पोरगा कणकवलीत औषधांच्या दुकानात,
एक जहाजावर, एक मुलगी शारजात नर्स.
मामांची बोटं नायट्रिकने पिवळी,
नखं फुटलेली,
हजेरीपटावर सही मात्र तीच,
‘कु’चा उकार कागदाबाहेर जाणारा.

संध्याकाळी जेटीवर गेले.
घाटावरून निघालेली माती
कण कण सारख्याच भाराची,
म्हणून वाटभर एकमेकांना टाळत येते,
चाळीस मैल कुणी कुणाला शिवत नाही.
इथे खारं पाणी लागतं
आणि रुसवा संपल्यासारखे कण चिकटतात,
जड होतात, बसतात.
पुस्तकात याला स्कंदन म्हणतात,
पराडकर शिव्या घालतात,
कारण होडी आता दर ओहोटीला रुतते.
कांदळाची रोपं मात्र
त्याच गाळात गुडघाभर उभी.

अंधार पडला. पाण्यावर दहिवर उतरलं.
पल्याडून एक उजेडाची काठी आली,
सरळ, पांढरी, धुक्यात अख्खी दिसणारी.
स्वच्छ हवेत ती दिसलीच नसती.
कुर्ल्यांसाठी इकडे तिकडे फिरली,
एकदा माझ्या पायांवरून गेली, थबकली.

‘कोण ता? मॅडम?’

नवे सेल घातलेत वाटतं.